मधली बाटली

फोन आला तेव्हा मी मंगळवेढ्याच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत होतो. आमचा एक जुना विद्यार्थी पलीकडून म्हणाला, "येमूल सर गेले. सकाळी दाढी करता करता." मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल, सांगता येत नाही. गाडी आली, चढलो, तिकीट काढलं, आणि मग आठवलं. सरांशी एक गोष्ट बोलायची राहिली होती, ती आता राहिलीच. त्याला पाच आठवडे झाले. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक. बावीस वर्षांपूर्वी तिथं सरांचा डावा डोळा गेला. चूक सरांची होती असं सगळ्यांना ठाऊक आहे. ती माझी होती.

सर म्हणजे तेलुगू घरातला, गल्लीत मागांचा खडखडाट ऐकत अभ्यास केलेला माणूस. विडी कामगार म्हणून आईला सोलापूरजवळ कुंभारीत मिळालेलं घरकुल त्यांनी पगार वाढला तरी सोडलं नाही. वर्गात मात्र त्यांचा रुबाब असायचा. मूलद्रव्यांची आवर्त सारणी त्यांनी कुणाला पाठ करायला लावली नाही. "मधलं केंद्रक म्हंजे आई," ते सांगायचे, "आन् बाहेरचा इलेक्ट्रॉन म्हंजे पोरगं. दारात खेळतंय तवर एका हाकंत घरात. पार मैदानात गेलं तर? हाक पोचती का? मग कुणी बी त्याला घिऊन जातंय की." सारणीत वरून खाली येताना अणू मोठा होत जातो, बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल सुटतो, म्हणून खालचे धातू जास्त भडकू, हे असं पोरांच्या डोक्यात बसायचं. आडव्या ओळीत उलटं. अंगण तेच, पण डावीकडून उजवीकडं आई तगडी होत जाते आणि पोरांना आवळून धरते, त्यामुळं अणू आक्रसतो. मी बारावी नापास माणूस, पण ऐकून ऐकून मलाही हे कळायला लागलं होतं.

एवढं सांगून झालं की सर ते करून दाखवायचे. काचेच्या पसरट भांड्यात पाणी आणि त्यात एकेक धातू. लिथियम नुसतं फसफसायचं. सोडियम हरभऱ्याच्या डाळीएवढं, ते गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा पळायचं; त्यावर सर वाकून बोट दाखवायचे. पोटॅशियम मात्र ज्वारीच्या दाण्याएवढंच, तेही वर काच झाकून आणि पोरांना मागं सारून. तिन्ही बाटल्या रॉकेलनं भरलेल्या. रॉकेल लागून लागून चिठ्ठ्यांवरची अक्षरं केव्हाच गेली होती, आणि आमचं काम जागेवरून चालायचं. कपाटात सगळं सारणीच्या क्रमानं ठेवायचं हा सरांचा दंडक. पहिली लिथियम, मधली सोडियम, शेवटची पोटॅशियम.

त्या वर्षी साठ्याची तपासणी आली. तपासणीची यादी एबीसीडीच्या क्रमानं होती, म्हणून मी शहाणपणा करून अख्खं कपाट त्या क्रमानं लावलं. तपासणी झाली, शाबासकी मिळाली, आणि कपाट परत लावायचं मी उद्यावर ढकललं. त्या क्रमात लिथियमनंतर पोटॅशियम येतं. दोन दिवसांनी तासाला मी सवयीनं मधली बाटली काढली, डाळीएवढा तुकडा कापला आणि सरांपुढं ठेवला.

सरांनी तो चिमट्यानं पाण्यात सोडला आणि नेहमीसारखे वाकले. चष्मा टेबलावर काढून ठेवलेला. सोडियमची ज्योत पिवळी असते. ही जांभळी होती. सरांना त्याच क्षणी कळलं, हे मी शपथेवर सांगेन, कारण त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडं बघितलं. तेवढ्या वेळात त्यांना मागं सरता आलं असतं. त्यांनी दोन्ही हातांनी पुढच्या बाकाजवळच्या पोरींना मागं ढकललं... आणि मग तो तुकडा फुटला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य कागद घेऊन दवाखान्यात आले. मी डबा घेऊन कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. माझी नोकरी कायम करायचा प्रस्ताव तेव्हा वर गेलेला. प्राचार्यांनी विचारलं, "तुकडा कुणी कापला?" सरांच्या डोक्याला पट्टी, पण आवाज वर्गातला तसाच. सर म्हणाले, "मीच. घाईत बाटली बघितली नाही." मी डबा उघडायला घेतला. महिन्याभरात माझी नोकरी कायम झाली, आणि मी पेढेही वाटले. त्या पेढ्यांची आठवण आली की आजही माझी मलाच किळस येते. पुढं एकदा परीक्षानळ्या धुताना मी सुरुवात केली होती, "सर, त्या दिवशी..." सर म्हणाले, "दिगंबर, ती तीन नंबरची ब्युरेट गळतीया बघ." ब्युरेट गळत नव्हती.

सर गेल्यापासून मला प्रयोगशाळेत एकटं थांबवत नाही. कपाट उघडलं की मागं कुणीतरी वाकून बघतंय असं वाटतं. एकदा प्रात्यक्षिकात एका मुलीच्या बर्नरवर ज्योत जांभळी झाली. ती आनंदानं माझ्याकडं वळली, आणि मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

शेवटी गेल्या रविवारी कुंभारीला गेलो. सरांच्या घरी वहिनी एकट्याच होत्या. मी प्रस्तावना केली नाही. म्हणालो, "वहिनी, तो तुकडा मी कापला होता. सरांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मला कदी बोलले न्हाईत ते. बावीस वर्सं मी त्यास्नी टोचत आले की, भाऊजी. तांब्या लवंडला तरी म्हणायची, एक डोळा घालवला धांदरटपणानं, आता दुसरा तरी सांभाळा. पोरांम्होरं टोचलं. त्यांच्या आईम्होरं टोचलं. ते नुसते हसायचे." मग पदर सोडून म्हणाल्या, "तुमी ते असताना सांगायचं होतं. मी तरी गप बसले असते."

मी माझं ओझं उतरवायला गेलो होतो, आणि ते त्या बाईच्या डोक्यावर ठेवून मोकळा झालो होतो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. खिडकीशी सरांची लोखंडी खुर्ची तशीच होती, उशीसकट. तिच्यात बसायची माझी छाती नव्हती. मी तिच्या डाव्या अंगाला, कॉटच्या कडेवर बसलो. वहिनी कप घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"तितं नगा बसू, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या बाजूचं त्यास्नी दिसत न्हाय."

मी उठलो आणि खुर्चीच्या उजवीकडं जाऊन बसलो.