कोरा राहिलेला रकाना

माझ्या धाकट्या बहिणीनं सातवी पास केली तेव्हा मी अकोल्याला कचेरीत कारकून होतो. धम्म घेऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म मीच आणला. वलगावला, घरी, नेऊन तिची सही घेतली, तिचा सातवीचा दाखला घेतला. बाकीचं भरायचं, साहेबाचा सही-शिक्का घ्यायचा आणि टपालात टाकायचं, एवढंच काम राहिलं होतं. मुदत बारा दिवसांची होती.

पहिल्या संध्याकाळी दौत भरली, निब धुतली, टिपकागद कापून ठेवला. लिहायला बसलो आणि माठावर झाकण आहे का ते पाहायला उठलो. मग कंदिलाची काच पुसली. कंदील लावायला अजून अवकाश होता. पुढच्या सगळ्या संध्याकाळी अशाच गेल्या.

जातीच्या रकान्याशी अडलं, असं मी स्वतःला सांगत होतो. जुनी जात लिहावी तर बाची मान खाली जाणार. बौद्ध लिहावं तर सवलत राहते की जाते, कोण जाणे. प्रश्न खरा होता, तेव्हा आमच्यात घरोघरी होता. पण शेजारच्या टेबलावर विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. मी विचारलं नाही. आणि आता लपवून काय करू, त्या रकान्याच्या कितीतरी वर नावाचा रकाना होता, तोही मी भरला नव्हता.

शनिवारी मुदत संपली. रविवार मी झोपून काढला.

दोन महिन्यांनी वलगावला गेलो तेव्हा बानं विचारलं. मी दाखला बहिणीच्या हातात दिला आणि म्हणालो, "नाव लागलं नाही."

"बौद्ध लिहिलं होतं ना?" बा म्हणाला.

मी मान डोलावली.

"मंग झालं! खरं लिहिलं म्हून गेलं. जाऊ दे, पोरी. आपून खोटं लिहून काही घेतलं नाही."

बहिणीनं डोळे पुसले. बाचं ते बोलणं तिनं धरून ठेवलं. दुसऱ्या वर्षी गावातच तिचं लग्न झालं आणि ती लोकांच्या शेतात निंदणाला जाऊ लागली.

माझं दुखणं कचेरीत एका माणसानं ओळखलं. रजिस्टरं शिवणारा म्हातारा दफ्तरी, पातूरचा. रोज सकाळी आपला स्टूल आणि दाभण घेऊन तो माझ्या टेबलासमोर येऊन बसायचा. "बाबू, लिखो मत. सिर्फ तारीख डालो." तारीख पडली की खाली एखादी ओळ यायची. मी उठायला लागलो की म्हणायचा, "बैलाले गाडीपाशी उभं करा लागते, तुमाले टेबलापाशी." सगळे हसायचे, मीही हसायचो. माझी नोकरी त्याच्यामुळे टिकली. तो रिटायर झाल्यावर त्याचा स्टूल मी समोर तसाच ठेवून पाहिला. रिकाम्या स्टुलाचा उपयोग झाला नाही. आता घरचं पत्र लिहायचं असलं तरी बायकोला तांदूळ निवडत समोर बसवावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात वलगावला बहिणीकडे गेलो होतो. बा जाऊन दोन वर्षं झाली होती. बहीण ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत होती आणि चौथीतल्या पोरीला सांगत होती, "मामानं माह्या फॉर्मवर बौद्ध लिहिलं, म्हून मले घेतलं नाही. पण आपून खरंच लिहाव." पोरगी पाटी घेऊन आत गेली.

मी म्हणालो, "तो फॉर्म मी टाकलाच नव्हता."

"हरवला होता काय?"

"नाही. समोरच होता. बारा दिवस. भरणंच झालं नाही."

"काहून?"

सांगायला गेलो. हात उचलत नाही, जीव भलतीकडेच पळतो, दुसऱ्यासाठी असलं की जास्तच. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"मी रोज निंदाले जातो, दादा. मले उठू वाटते काय? इचारलं कोणी?" मिरच्या तशाच खुडल्या जात होत्या. "आन बा साऱ्या गावाले सांगत फिरला, तवा तोंडात काय होतं तुह्या?"



तिनं पोरीला हाक मारली. "इकडं ये. मी आत्ता सांगितलं ते खोटं होतं. मामानं फॉर्म भरलाच नव्हता. मले कोणी काढलं नाही. शाळेत तसं सांगशीन नको."

पोरीनं विचारलं, "काहून नाही भरला, मामा?"

"जाय, पाणी आण मामाले," बहीण म्हणाली.

तिनं मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भाकर वाढताना एकदाच बोलली, "मी तं ऐकलं. बाले आता कोण सांगन?"

मी खाली मान घालून खात राहिलो.