आपाला टेन्शन नव्हतं, हार्ट अटॅक होता

आपाच्या छातीत दुखत होतं आणि डॉक्टरनं तिला झोपेची गोळी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आज वर्ष झालं. सलीमभाईंना, म्हणजे तिच्या नवऱ्याला विचारूनच हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रुखसाना आपा आमच्या संस्थेत आरोग्याचं लिहायची. पोस्टर, पत्रकं, रिक्षावर वाजवायच्या ऑडिओ क्लिप. बीपी, शुगर, बाळंतपणानंतरची उदासी, दारू. ती लिहायची, मी चित्रं काढायचो.

वरून मजकूर यायचा, 'नैराश्याची लक्षणे ओळखा.'

आपा तो कागद बाजूला सारायची. "संदीप, पिशोरच्या बाईला नैराश्य होत नाय रे. तिचा कशातच जीव लागत नाय. तेच लिहू."

मग आम्ही छापलं, 'कशातच जीव लागत नाय? हा आळस नाय. दवाखान्यात या, बोला.'

तिच्या स्वतःच्या मोहल्ल्यात लोक म्हणायचे, असर झालाय, बाहेरची बाधा आहे, झाडून घ्या. तिथं ती कुणाशी भांडत बसली नाही. तिच्याच आवाजात क्लिप केली, "दुआ बी करो, दवा बी लेओ." मशिदीतल्या मौलानांनी ती स्वतः ग्रुपवर टाकली.

शेंद्र्याच्या एका कंपनीला कामगारांसाठी पोस्टर हवं होतं. आपानं लिहिलं, 'नाइट शिफ्टनंतर झोप लागत नाही? घरी लेकरांवर हात उठतो? एकटं राहू नका, बोला.'

एचआरचे साहेब म्हणाले, "मॅडम, जरा पॉझिटिव्ह करा ना. हसत राहा, निरोगी राहा, असं काहीतरी."

"साहेब, हसून झोप लागत असती तर मी गोळी कशाला घेतली असती?"

पोस्टर रद्द.

हो, आपा स्वतः डिप्रेशनची गोळी घ्यायची. आणि लपवायची नाही.

देवगाव रंगारीला बायकांच्या बैठकीत एक सून म्हणाली होती, "गोळी खाल्ली की लोक येडी म्हणत्यात."

आपानं पर्समधून पाकीट काढून सतरंजीवर ठेवलं. "मी खाते. दिसते का येडी?"

बाया हसल्या. मग एकेक जण बोलायला लागली. त्या दिवशी बैठक संपता संपेना.

असं खरं बोलायची सवय होती तिला. हॉस्पिटलातही ती खरंच बोलली.

त्या दिवशी दुपारी ऑफिसात तिला दरदरून घाम फुटला. छाती, पाठ, जबडा दुखत होता. मळमळ होत होती. मी सलीमभाईंना फोन केला आणि आम्ही दोघं तिला जवळच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होता. सुरुवातीला नीट विचारपूस करत होता. मग विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत?

आपानं नाव सांगितलं.

तिथून पुढं तो आपाकडं बघायचाच थांबला. सलीमभाईंशी बोलायला लागला.

"घरी काही टेन्शन आहे का यांना?"

"डॉक्टर, मला दुखतंय," आपा म्हणाली. "एक ईसीजी काढून बघा."

"मॅडम, याला पॅनिक म्हणतात. अशा पेशंटना असं वाटतं. झोपेची गोळी लिहून देतो, घरी जा, आराम करा."

मी म्हटलं, "काढा ना सर, मशीन तर इथंच आहे."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

अशा पेशंटना.

हे दोन शब्द वर्षभर माझ्या डोक्यातून जात नाहीयेत.

सकाळी स्वयंपाकघरात आपा कोसळली. दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं दारातच ईसीजी काढला. मोठा अटॅक. त्या डॉक्टरबाईंनी लई प्रयत्न केले, पण आपा राहिली नाही. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "कालपासून दुखत होतं, तर कुठं दाखवलं नाही का?"

सलीमभाईंनी खिशातून कालची चिठ्ठी काढून त्यांच्यापुढं धरली.

आणि मग जनाज्याला लोक काय म्हणाले? "लई टेन्शन घ्यायची हो."

ग्रुपवर काय आलं? 'डिप्रेशनशी झुंज अखेर संपली.' खाली हात जोडलेल्यांची रांग.

जी बाई आयुष्यभर लोकांना आजार नीट समजावून सांगत राहिली, तिच्याच मरणाचं कारण तुम्ही चुकीचं लिहिलंत. एकानंही तिच्या घरी विचारलं नाही.

सलीमभाईंनी तक्रार केली. हॉस्पिटलचं उत्तर आलं, 'रुग्णास पूर्वीपासून मानसिक विकार होता.' ईसीजी का काढला नाही, याबद्दल अवाक्षर नाही.

मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "मतलब इनके हिसाब से पागल को दिल नै रहता क्या?"

ईसीजी काढला असता तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. डॉक्टरलाही माहीत नाही. त्यानं बघितलंच नाही.

आपानं शेतात राबणाऱ्या बायकांसाठी लिहिलं, कामगारांसाठी लिहिलं, मौलानांसाठी, सुनांसाठी, सासवांसाठी लिहिलं. डॉक्टरांसाठी लिहायची गरज असेल, असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

या महिन्यात ते केलं. एकच पान. 'मनाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या छातीत दुखलं तर आधी ईसीजी. टेन्शनचं नंतर विचारा.'

मी आणि सलीमभाई ते घेऊन दवाखान्या-दवाखान्यात फिरतोय. त्या पहिल्या हॉस्पिटलातही गेलो. रिसेप्शनवर ठेवून घेतलं, म्हणाले, सरांना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

एका सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं मात्र ते वाचलं, चिकटपट्टी आणली आणि तपासणीच्या टेबलासमोर, डॉक्टरला दिसेल असं लावलं. सलीमभाई पानाचा कोपरा हातानं दाबत उभे राहिले.

उद्या आम्ही कन्नडला जातोय.

आपा, तुला आजही नीट निरोप देता येत नाहीये. राग आधी येतो.

खुदा हाफिज.