हेडलाइटचा उजेड कमी पडतो म्हणून…

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर गाडी घेऊन थेट शुवैखला गेलो, हमीदच्या गॅरेजमध्ये. हमीद रत्नागिरीकडचा, वीस वर्षं माझी गाडी तोच बघतो. कुवेतचा उन्हाळा रबर भाजून काढतो, त्यामुळे थंडीच्या तोंडावर वायपर बदलायचे, टायरला भेगा पडल्यात का बघायचं… हा आमचा दरवर्षीचा नेम.

यंदा आणखी एक तक्रार होती. सालमियातल्या घरून मीना अब्दुल्ला भागातल्या साइटवर जायला पहाटे निघावं लागतं, पाऊण तासाचा रस्ता, आणि आता धुकं सुरू होईल. हेडलाइटचा उजेड पुरत नाही, जास्त पॉवरचे बल्ब टाक, म्हटलं.

शाळेत धुक्याची एक कविता आम्ही चालीवर म्हणायचो. त्यातलं धुकं दुलईसारखं मऊ होतं… इथलं तसं नाही. त्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदम अंगावर येतात.

हमीदने उन्हाने पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश केल्या, बल्ब बदलले. तोवर अंधारलं होतं. मी सीटवर बसून दिवे लावले आणि म्हणालो, "अरे, अजून मंदच आहेत."

तो बाजूला येऊन उभा राहिला. "काका, समोरच्या पिकअपचा नंबर वाचा बघू."

"कुठली पिकअप?"

त्याने माझ्या बाजूचं दार उघडलं आणि हळूच म्हणाला, "गाडीला काय नाय झालेलं, काका. उतरा. मी सोडतो घरी."

स्वतःच्या गाडीत मी पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसलो. हमीद काहीबाही बोलत होता, टायर अजून एक थंडी काढतील वगैरे. मी हं हं करत होतो.

गाडी नाही तर साइटवर जाणं नाही, आणि नोकरी नाही तर इकामा नाही. इथल्या राहण्याचा परवानाच तो. छत्तीस वर्षांचं बिऱ्हाड या एका कागदावर उभं आहे.

घरी आल्यावर नलूला, बायकोला, सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, वर न बघताच म्हणाली, "जिन्यात पायरी चाचपत उतरता, दोन महिने बघतेय. म्हटलं, स्वतःहून सांगाल…"

रविवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. मोतीबिंदू असेल तर निभावेल, दुसरं काही निघालं तर ठाऊक नाही. रजेच्या अर्जात 'घरगुती काम' असं लिहिलं होतं… ते खोडलं आणि 'डोळ्यांची तपासणी' लिहिलं. साहेब काय ते समजतील.

हमीदला आणखी मोठे बल्ब बसवून मोकळं होता आलं असतं. मी खुशीत घरी आलो असतो, आणि परवाच्या धुक्यात कोणाच्या तरी लेकराच्या अंगावर गाडी घातली असती. त्याचे आभार मानायला हवेत… मन अजून तयार होत नाही, पण मानतो.