सराईवालीची उत्तरं

भगताने ह्यांचे, माझ्या नवऱ्याचे, केस एका मुठीत आवळले होते आणि दुसऱ्या हाताने मिरच्यांची धुनी नाकाखाली धरली होती. वैशाखातली भर दुपार. झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावलेल्या, त्यामुळे धुराला जायला वाट नव्हती. खोलीतला प्रत्येक माणूस खोकत होता. ज्यांच्या नाकाखाली धूर होता तेच तेवढे खोकत नव्हते. ते दाराकडे बघत होते आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते.

"आय आल्गियेन एन कासा?"

"सांग बे, कोण हायेस तू?" भगत ओरडला. "कोणत्या गावचा? कोणाच्या वावरातून आला?"

"आय आल्गियेन एन कासा?"

"पाहा, नाव सांगत नाई. इकडचं नाई हे. लय दुरून आलं."

सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, घोटभर पाणी तं पाजू द्या त्याले. ओठ पाहा कसे उलले."

"थेंब नाई द्याचा," भगत म्हणाला. "पाणी तुमच्या पोराले जाते असं वाटते काय तुम्हाले? अंगातलं पिऊन राह्यलं ते. दोन दिवस कोरडं ठेवा, आपोआप निंघते."

माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, घरातले कर्ते होते. त्यांनी मान डोलावली. भगताच्या सांगण्यावरून पाणी काल सकाळीच बंद झालं होतं. माणसाचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि त्यात हे. आणखी एक दिवस असा गेला तर माणूस उरणार नाही, हे मला दिसत होतं. मी दाराच्या चौकटीत डोक्यावरून पदर ओढून उभी होते. ते काय विचारत आहेत हे त्या खोलीत मला एकटीलाच कळत होतं. ते विचारत होते, घरात कोणी आहे का?

ही भाषा स्पॅनिश. आमचं घर वडनेर भोलजीचं, कापसाचं. नांदुऱ्याच्या जिनात, रुई काढायच्या कारखान्यात, कापूस जायचा, तिथून गाठी बांधून मुंबईला, तिथून आगबोटीने कुठे कुठे. त्यातला काही स्पेन देशात जातो म्हणे. मुंबईच्या एका पेढीवाल्याने माझ्या सासऱ्यांना सांगून ठेवलं होतं की इंग्रजी येणारे कारकून पैशाला पासरी मिळतात, तिकडच्या लोकांची भाषा येणारा एक मिळत नाही. सासरे वारले, पण ते बोलणं ह्यांच्या डोक्यात राहिलं. पाद्र्यांच्या कॉलेजात त्या देशाचा एक म्हातारा पाद्री होता. त्याच्यापाशी हे बी. ए. ला तीच भाषा मुख्य विषय म्हणून घेऊन बसले. सगळ्या वर्गात दोन-तीन पोरं. घरात सांगितलं ते एवढंच, की साहेबाची भाषा शिकतो. त्याहून जास्त कोणी विचारलंही नाही.

ताप डोक्यात चढून बडबड सुरू झाली तेव्हा आधी पोस्टमास्तरला बोलावलं. त्याने उशाशी कान नेऊन ऐकलं आणि दोन पावलं मागे सरकला. "इंग्रजी नाही ही," म्हणाला. मग शेजारचे हकीमचाचा आले. त्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि बोलणं ऐकलं. "अरबी नहीं, फारसी बी नहीं," ते म्हणाले. "पर मियाँ, जबान कोई भी हो, बुखार तो बुखार है. मोतीझिरा दिखता है. पानी उबालके पिलाते रहो." मोतीझिरा म्हणजे विषमज्वर. पण त्यांचं पाण्याचं बोलणं कोणी ऐकलं नाही. अरबी नाही, फारसी नाही, एवढंच गावभर झालं. सगळ्या माणसांच्या भाषा अशा एकेक करून संपल्या, तेव्हा उरली ती भुताची. संध्याकाळच्या आत भगताला निरोप गेला.

मी सासूबाईंना सांगितलं होतं. "ही साहेबाचीच आहे, पण दुसऱ्या साहेबाची. कॉलेजात शिकवतात."

"पोस्टमास्तरले साहेबाची भाषा येते का नाई?"

"येते."

"त्याले समजली काय? नाई. मंग साहेबाले तोंडात कितीक जिभा असतात वं?"

मी चौथी शिकलेली. मला ते जेवढं माहीत होतं ते मांडून दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं.

माहीत कसं होतं, तेही सांगते. सुटीत हे घरी यायचे तेव्हा ती भाषा बोलायला त्यांना गावात कोणी नव्हतं. बोलली नाही तर जीभ जड होते म्हणायचे. त्या काळी चारचौघांत नवऱ्याशी दोन शब्द बोलायची सोय नव्हती. म्हणून दुपारी सगळी आडवी झाली की मी कोठीच्या खोलीत सरकी काढायला जायची आणि हे तिथे यायचे. भिंतीला टेकून कापसाचा ढीग आढ्यापर्यंत. कापसात आवाज मरतो. बोललेलं तोंडातून निघतं आणि तिथेच पडतं, घुमत नाही, परत येत नाही. त्या खोलीत त्यांनी मला एक धडा पाठ करून दिला. एक उतारू रात्री एका सराईच्या दाराशी येतो. उतारू हे, सराईवाली मी. तो विचारतो, घरात कोणी आहे का? ती म्हणते, हो साहेब, आत या. तो म्हणतो, वाट फार वाईट होती. ती म्हणते, या दिवसांत वाईटच असते. तो विचारतो, इथे आणखी कोणी उतरलंय का? ती म्हणते, नाही साहेब, तुम्ही एकटेच. धडा संपला.

अर्थ त्यांनी एकदा सांगितला, पुढे मी नुसतं म्हणायची, जात्यावरच्या ओव्या म्हणतात तसं. मला ते आवडायचं असंही नाही. सरकी राहून जायची. एकदा म्हणाले, "तुझा उच्चार आमच्या वर्गातल्या पोरांपेक्षा बरा आहे." मी म्हटलं, "मग परीक्षेला मलाच बसवा." हसले.

तर चौकटीतून मी हे सगळं पाहत होते. ते प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबायचे. उत्तर आलं नाही की डोळे दाराकडे फिरवून पुन्हा विचारायचे. दर खेपेला आवाज चढत होता. भगताने मुठीने डोकं हलवलं तरी प्रश्न तोच. तिथे उभं राहून मला वाटलं, हे बाहेर आहेत. कुठेतरी अंधारात दार ठोठावत आहेत आणि आतून कोणी ओ देत नाही.

मी भासऱ्यांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी पदर ढळू न देता मोठ्याने म्हटलं, "सी, सेन्योर. पासे उस्तेद."

हो साहेब, आत या.

ते गप्प झाले. खांदे खाली पडले. जसे काही चालून चालून आले होते आणि आता बसले. मग आपल्या नेहमीच्या, कोठीतल्या आवाजात त्यांनी वाट वाईट असल्याचं वाक्य म्हटलं. मी माझं म्हटलं.

भगताच्या हातातून केस सुटले. धुनीची खापरी खाली पडून फुटली. "दोघाईले धरलं!" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "हे याच्यात हाय आन जोडीदार तिच्यात हाय. बोलून राह्यले एकमेकाशी. निंघा, निंघा बाहेर!"

सासूबाई माझ्या अंगावरून गेल्या तेव्हा माझा धक्का लागू नये म्हणून भिंतीला घासत गेल्या. भासरे त्यांच्यामागून. मी खोलीत शिरले तशी बाहेरून कडी लागली.

भिऊन पळताना भगताने त्याचा तांब्या तिथेच टाकला होता. त्यात पाणी, एक लिंबू आणि कुंकू होतं. लिंबू काढून फेकलं आणि पदराचा शेव भिजवून त्यांच्या ओठांवर पिळला. आधी सगळं बाहेर सांडलं. मग गिळायला लागले. कुंकवाने त्यांची हनुवटी लाल झाली होती. दिसायला वाईट दिसत होतं, पण पाणी आत जात होतं. बाहेर भगत अंगणात राख टाकत असावा. त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, पण दाराजवळ यायची त्याची हिंमत नव्हती. मला कोणी अडवणारं नव्हतं.

मध्येच त्यांनी विचारलं, इथे आणखी कोणी उतरलंय का?

मी म्हटलं, "नो, सेन्योर. उस्तेद सोलो."

धडा इथे संपायचा. त्या दिवशी संपला नाही. त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे फुटक्या खापरीतला धूर अजून जमिनीलगत रेंगाळत होता. तिकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं. ते वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मग थांबले. मान किंचित कलती करून ऐकलं. ऐकून झाल्यावर होकार दिला आणि पुढचं बोलले. पुन्हा थांबले. पुन्हा ऐकलं. एकदा हसलेसुद्धा, माणूस दुसऱ्याच्या बोलण्याला हसतो तसं. मग ते बाजेवर सरकले. अंगात उठून बसायचं बळ नव्हतं, तरी कुशीला अर्धी बाज मोकळी केली आणि हाताने गोधडीची घडी सरळ केली. पाहुण्याला जागा करून देतात तशी.

मी त्या जागेवर बसले नाही. खाली जमिनीवर बसून पाणी पाजत राहिले.

मला तिथे काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. बाज करकरली नाही. एवढं खरं, की त्या उन्हाळ्यात, बंद खोलीत, त्या मोकळ्या जागेकडच्या अंगाला मला पांघरूण घ्यावंसं वाटत होतं.

उन्हं उतरल्यावर हकीमचाचांनी येऊन कडी काढली. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार. ते भासऱ्यांना काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मला म्हणाले, "बेटी, पानी दिया?" मी तांब्या उपडा करून दाखवला. ते म्हणाले, "बस. अब भूत को बोलो हमसे बात करे." त्यांनी पुड्या दिल्या, उकळलेलं पाणी आणि मुगाचं पाणी याखेरीज काही द्यायचं नाही असं बजावलं, आणि भगताला जवळ येऊ देऊ नका म्हणाले. भगत यायला तयारही नव्हता.

ताप हळूहळू उतरला. बडबड थांबली, केस गळले, मग भूक लागली. पहिल्यांदा भाकरी मागितली ती वऱ्हाडीत, आणि सासूबाई रडल्या. त्या दिवसापासून त्या खोलीत आपल्या पोरापाशी झोपायला लागल्या. त्याचं उष्टं खायच्या, त्याचे कपडे धुवायच्या. हकीमचाचांनी नको म्हटलं होतं.

ह्यांना बरं वाटल्यावर मी विचारलं, "धडा संपल्यावर तुम्ही कोणाशी बोलत होता?"

त्यांना काही आठवत नव्हतं. त्यांनी बाजेवर सरकून जागा करून दिल्याचं मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "तो पुढचा धडा असेल. त्यात दुसरा उतारू येतो. खोली एकच असते, म्हणून पहिला त्याला आपल्या बाजेवर जागा देतो."

"दुसऱ्या उतारूची उत्तरं कोण देतं?"

"वर्गात आम्ही पोरं देतो."

"इथे कोणी दिली?"

नंतर कधी त्यांनी तो धडा माझ्याबरोबर म्हटला नाही.

पुढे आधी सासूबाई तापाने पडल्या, मग मी. आम्हा दोघींना त्याच खोलीत ठेवलं. माझी शुद्ध जात-येत होती, तेव्हा किती खरं आणि किती तापातलं हे मी सांगू शकत नाही. सासूबाईंनी मात्र एकदा माझ्याकडे तोंड वळवून स्पष्ट विचारलं, "पोरी, त्या दिवशी तू त्याले काय म्हटलं होतं वं?"

मी म्हटलं, "आत या, असं म्हटलं."

"कोणाले?"

"ह्यांना."

त्यांनी माझ्या मागच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि बाजेवर एका कुशीला सरकल्या.

मी भूत मानत नाही. ताप पाण्यातून आणि उष्ट्यातून आला, हकीमचाचांनी तसंच सांगितलं होतं आणि पुढे डॉक्टरांनीही. पेढीवरची नोकरी ह्यांना मिळाली. ती भाषा त्यांनी आयुष्यभर वापरली, घराबाहेर. त्या खोलीत मग आम्ही कापूस भरला.

ताप आम्हा तिघांना आला. हे वाचले, मी वाचले. सासूबाई गेल्या.