हॉटडॉगची परीक्षा आणि वरच्या मजल्यावरच्या आपटे काकू

खाण्याचं दुकान टाकलं की किस्से मागवावे लागत नाहीत. गिऱ्हाइकाच्या मागोमाग तेही आत येतात आणि गिऱ्हाईक गेलं तरी हलत नाहीत! आमच्याकडे इतके साठलेत की परवा प्रफुल्ल म्हणाला, "उद्यापासून पाव कमी मागव, ठेवायला जागा उरली नाही."

प्रफुल्ल म्हणजे माझा नवरा. तो नागपूरचा, मी लोणी काळभोरची. हडपसरच्या आयटी पार्कात ओळख झाली, लग्न झालं आणि मग दोघांनीही नोकऱ्या सोडून कोथरूडमध्ये हॉटडॉगचं दुकान काढलं. दोन्ही घरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला. लांबट पाव, आत राजमा-सोयाचं सॉसेज आणि वर प्रत्येक मुलखाची वेगळी चव, अशी आमची आयडिया. नियम एकच. ज्या गावचं नाव फळ्यावर लिहायचं, त्या गावच्या माणसाने आधी खाऊन पास करायचं.

गाळा आपटे काकूंचा. त्या दुकानाच्या बरोबर वर राहतात. अकरा महिन्यांच्या करारावर सही करताना त्यांनी बजावलं, "तुमचा तो पदार्थ मी खाणार नाही. आणि त्याचा वास माझ्या जिन्यात आला, तर पुढचा करार विसरा."

"आणि नाही आला तर?" मी विचारलं.

"तर काही खपत नाहीये असं समजेन. मग करार हवाय कशाला?"

*

पहिली परीक्षा कोल्हापूरची. समोरच्या जिममध्ये शिकवणारा एक धिप्पाड कोल्हापूरकर आम्ही परीक्षक म्हणून पकडून आणला. प्रफुल्लने सॉसेजवर तांबडा रस्सा ओतला. पावाचा तिथेच लगदा झाला.

त्या गड्याने लगद्यात बोट बुडवून चाटून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, रस्सा वाटीत द्यायचा असतोय. आणि वाटी संपली की मागायच्या आधी भरायची!"

आम्ही वाटी दिली. संपली. भरली. पुन्हा संपली. शेवटी पातेलंच टेबलावर ठेवलं. तासाभराने तो घाम पुसत उठला, तेव्हा प्रफुल्लने भीत भीत निकाल विचारला.

"रस्सा एक नंबर! पास! त्या पावाचं तेवढं काय ते बघून घ्या."

*

नागपूरच्या परीक्षक आमच्या सासूबाई. लेकाने नोकरी सोडल्यापासून त्या त्याच्याशी धड बोलत नव्हत्या, पण मसाला दुसऱ्याने केलेला त्यांना चालणार नव्हता. म्हणून स्वतः मसाला घेऊन आल्या. आल्या आल्या प्रफुल्लला बाजूला सारलं आणि पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शाला फोडणी दिली.

फोडणी कसली! ठसका थेट जिन्यात. वरून काकूंचा खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ खिडकीतून काकू.

"अहो, खाली स्वयंपाक चाललाय की अश्रुधूर सोडलाय?"

करार गेला, असं मी मनातल्या मनात म्हणून टाकलं. सासूबाई मात्र पदर खोचून फुटपाथवर गेल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "नाकानं काऊन खाता जी? खाली या न, तोंडानं खाऊन पाहा!"

खिडकी बंद झाली. शेवटचा शब्द आपटे काकूंचा नव्हता, असं कोथरूडमध्ये पहिल्यांदाच घडलं असेल!

*

एकदा माझे वडील, आबा, बाजाराचं काम उरकून दुकानात आले. सोबत आईने बांधून दिलेली भाकरी, ठेचा आणि कांदा होता. मी कौतुकाने त्यांच्यापुढे हॉटडॉग ठेवला. आबांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"पाव कशाला? भाकरी हाय की माज्याजवळ!"

त्यांनी सॉसेज पावातून काढलं, भाकरीला ठेचा चोपडला, बुक्कीने कांदा फोडला आणि सगळं गुंडाळून झकास वळकटी केली. आता पहिला घास घेणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या मुली ओरडल्या, "काका, हा कुठला? आम्हाला हाच हवाय!"

"ह्यो? ह्यो लोणीचा!" आबांची छाती फुगली. उरलेल्या भाकरीच्याही वळकट्या करून त्यांनी मुलींना खाऊ घातल्या, हातातली पण देऊन टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही फळ्यावर. गावचा माणूस समोर बसलाय."

मी लगेच लिहिलं. आबांनी भाकरीचं रिकामं फडकं झटकलं आणि हळूच विचारलं, "पोरी, त्यो पाव हाय का गं अजून?"

*

लेकाकडे शिकागोला राहून आलेले एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे नेहमी यायचे. टेबलावरची केचपची बाटली बघून त्यांना रोज त्रास व्हायचा.

"शिकागोत मोहरीचा सॉस, कांदा, टोमॅटो, काकडीचं लोणचं, पावावर खसखस. बस्स! मोठ्या माणसाने केचप मागितलं, तर दुकानदार तोंडावर नाही म्हणतो!"

प्रफुल्लने हट्टाने तसाच करून दिला. शिकागोचा दुसरा माणूस कुठून आणणार? गृहस्थांनीच डोळे मिटून खाल्ला आणि पास केला. फळ्यावर लोणी काळभोरच्या खाली शिकागो आलं! त्या आनंदात ते दुकानातल्या सगळ्यांना पुन्हा सांगू लागले, "काय शिस्त आहे! गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणतात!"

वरची खिडकी उघडीच होती.

"त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलात?" काकूंनी विचारलं.

*

आणि मग करार संपत आला. काकूंनी एका ओळीत निरोप दिला, "शनिवारी क्लासवाले जागा बघायला येणार आहेत."

झालं! पुन्हा हडपसर, पुन्हा ते गळ्यातलं कार्ड. प्रफुल्ल जुन्या ऑफिसातले नंबर शोधू लागला. मला तर रडूच येत होतं, आणि त्याहून जास्त राग. गिऱ्हाईक मावत नाही अशा दुकानाला कुलूप लावायचं?

शनिवारी दुपारी काकू पहिल्यांदा दुकानात आल्या. हातात स्टीलचा डबा. फळ्यासमोर उभ्या राहून त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं.

"कोल्हापूर आहे, नागपूर आहे, शिकागोसुद्धा आहे. पुणं कुठाय?"

"पुण्याचं काय घालायचं, ते सुचलं नाही," प्रफुल्ल म्हणाला.

"विचारलंत कुणाला?"

काकूंनी डबा उघडला. आत मिरचीचं पंचामृत! देवाच्या तीर्थाचं नव्हे, जेवणाच्या पानातलं. चिंच, गूळ, दाण्याचं कूट, खोबऱ्याचे काप आणि त्यात मुरलेल्या हिरव्या मिरच्या. प्रफुल्लने सॉसेज तव्यावर खरपूस केलं आणि वर ते दाट पंचामृत पसरलं. वासाने पार बसस्टॉपपर्यंतची माणसं वळली. बघता बघता दाराबाहेर रांग लागली.

"पण नियम आहे, काकू," मी म्हणाले. "पुण्याच्या माणसाने पास करायला हवं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली, बसल्या आणि पहिला घास घेतला. रांगेतली सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. काकूंनी दुसरा घास घेतला. मग तिसरा.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, हातात मोजपट्टी घेऊन क्लासवाले थेट आत आले.

"नमस्कार, आपटे काकू! आपलं फोनवर बोलणं झालं होतं..."

काकूंनी शांतपणे घास संपवला, बोटं पुसली आणि दाराकडे हात केला.

"अहो, मध्ये कुठे शिरताय? लोक मघापासून उभे आहेत. मागे जा!"