पहिला नग

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. वैशाख. अक्षय तृतीया होऊन चार दिवस झाले होते. हे पक्कं सांगतो, कारण त्या दिवशी केलेली चूक मी पुढं वीस वर्षं वाहिली.

भट्टीवाल्याकडं किस्से भंगारासारखे साचतात. कुणी आणून टाकतो, कुणी विसरून जातो. कोपऱ्यात ढीग होतो. कधीतरी निवडू म्हणतो आणि वय होऊन जातं. मला लिहायची सवय नाही. शाळा दोन बुकं, ती पण उर्दूत. निजामावर पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, मी परत गेलो नाही. मराठी दुकानांच्या पाट्यांवर शिकलो. म्हणून थोडक्यात सांगतो.

माझा धंदा ओतकामाचा. जुन्या मोटारींचे, ट्रकचे जे भाग बाजारात मिळत नाहीत ते मी ओतून देत असे. शेजारी गौसचं लेथ. मी ओतायचं, त्यानं घासून-पुसून, भोकं पाडून मापात आणायचं. दोघांच्या दुकानांमध्ये एक बाक. आमचा नियम एकच. कुणाचा जुना भाग नमुना म्हणून घेतला, तर नमुना परत द्यायचा, आणि त्यावरून ओतलेला पहिला नग पण त्यालाच द्यायचा. पावती नाही, कागद नाही. हा नियम मोडणाऱ्याला त्या बाकावर बसायला मिळत नसे!

* * *

त्या वैशाखात दोन गिऱ्हाइकं एकाच भागासाठी आली. एक बँकेतले देशपांडे साहेब, वडिलांची वकिलीच्या काळातली मोटार पुन्हा उभी करत होते. दुसरे पाचोडचे तात्या, त्यांचा जुना ट्रक. दोन्हीला एकच अमेरिकन इंजिन. इंजिनाच्या डोक्यावरून रेडिएटरकडं पाणी नेणारा मुठीएवढा वाकडा तुकडा असतो. आम्ही त्याला एल्बो म्हणतो. आमच्या विहिरींच्या खाऱ्या पाण्यानं दोघांचेही एल्बो कुजले होते.

तात्यांनी आधी मुंबईहून मागवला होता. चकाचक! बसवला आणि पाचोड यायच्या आत फुटला.

"मिस्त्री, मुंबईचा माल दिसायला लई गोरा, पर अंगात दम नाय!"

गौस ऐकत होता. उठून घरी गेला आणि फडक्यात बांधलेला एक एल्बो घेऊन आला. असली, त्याच इंजिनाचा. कडेला एक चीर, आणि अंगावर छिन्नीनं कोरलेली उर्दू अक्षरं.

मी वाचलं, "इब्राहिम."

"अब्बा," गौस म्हणाला. त्याला वाचता येत नव्हतं.

त्या काळी ड्रायव्हर लोक भागांवर नाव कोरायचे, गॅरेजवाल्यानं बदलू नये म्हणून. इब्राहिम ड्रायव्हरनं पोलीस ॲक्शनच्या महिन्यात चिरलेला एल्बो काढून घरी टाकला, दुसरा बसवला आणि ट्रक घेऊन जालन्याकडं गेला. ना ट्रक आला, ना माणूस. गौस तेव्हा सहा महिन्यांचा होता. घरात फोटो नव्हता. हा एल्बो होता.

* * *

त्या एल्बोचा वाळूत छाप घेतला आणि पहिला नग ओतला. बाहेर काढून बघतो तर नाव उठलं होतं, आणि चीरसुद्धा!

गौस हसला. "अण्णा, तुमने अब्बा का टूटा हुआ बी ओत दिया!"

नकलेतली चीर ही नुसती रेघ असते. तिच्यातून पाणी गळत नाही. तात्या दारात उभेच होते. दुसऱ्या दिवशी पाचोडचा बाजार.

"द्या तसाच. माल पडून हाय माझा."

गौस म्हणाला, "पहिला नग मेरा है, अण्णा."

"पुढचा घे," मी म्हणालो. "सगळे सारखेच."

सारखे नव्हते. तात्या गेल्यावर मी नमुन्याची चीर पुट्टीनं बुजवली. पुढच्या सगळ्या नगांवर नाव उठलं, चीर नाही. गौसनं दुसरा नग घेतला आणि दुकानाच्या खिडकीत ठेवला. मला वाटलं, मिटलं.

* * *

त्याच महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ. भट्टी पेटलेली, मूस तापलेली. भंगाराची टोपली उचलून मी एकेक तुकडा मुशीत सोडत होतो. फुटके पिस्टन, चेपलेली पातेली.

एकदम पुट्टी जळाल्याचा वास आला.

पातेल्याला पुट्टी नसते.

सांडशी घालेपर्यंत, टोपलीत चुकून पडलेला नमुना पाणी झाला होता. मी भट्टी विझवली नाही. तो रस साच्यात ओतला आणि नग मोजून ठेवले. संध्याकाळी गौसनं विचारलं, "नमुना?"

"आहे," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात म्हणालो, "सापडत नाही."

"मिल जायेगा," गौस म्हणाला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

* * *

लासूर स्टेशनचा एक गडी होता. त्यानं माझा एल्बो नेला, त्यावरून दुसरीकडं स्वस्तात नक्कल ओतून घेतली, आणि तिच्यावरून आणखी नकला करून विकायला लागला. दोन-तीन वर्षांनी तोंड पाडून माझ्याकडं आला.

"मिस्त्री, भोकं जुळत न्हायती. इंजिनं वाढली का काय?"

मी म्हणालो, "इंजिन नाही वाढलं, तुझा माल आखडला!"

ओतलेला धातू थंड होताना केसभर आखडतो. नकलेची नक्कल, तिची नक्कल, प्रत्येक वेळी थोडी लहान. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं भट्टीपाशी येऊ नये.

गौसनं त्याच्या हातातला तुकडा घेतला आणि अंगठा फिरवला. नावाच्या जागी नुसते खड्डे उरले होते.

"नाम घिस गया," म्हणाला, आणि परत दिला.

* * *

देशपांडे साहेबांना दुसरा एल्बो लागला. मी आधी दिलेलाही आमच्या पाण्यानं खाल्ला होता. नमुना नव्हताच. मी मापं घेऊन लाकडाचा नवा साचा केला होता. जाडी जास्त, काम चोख, अंग कोरं. माझ्या हातचा सगळ्यात चांगला नग तो.

साहेबांनी चष्मा लावला, उलटासुलटा केला आणि टेबलावर ठेवला.

"मिस्त्री, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. हा डुप्लिकेट आहे!"

"कशावरून?"

"मागच्यावर कंपनीचा शिक्का होता. ओरिजिनल मालावर असतोच."

गौसनं लेथ बंद केलं आणि हात पुसत बाहेर आला.

"हौ साहब. बहोत बडी कंपनी थी."

"होती? बंद झाली का?"

"हौ. पोलीस ॲक्शन में."

साहेबांनी मान हलवली. "तरीच कुठं मिळत नाही!"

* * *

त्या वैशाखानंतर चौदा वर्षांनी गौसची आई दुकानात आली. रिक्षातून उतरली, भिंतीला धरत धरत बाकापर्यंत आली. आम्ही सगळे तिला अम्मी म्हणत असू. मोतीबिंदूनं तिला दिसत नव्हतं.

"भय्या, वो इनका लोखंड मेरेकू देखना है. एक बार."

तो लोखंडाचा नव्हता, ॲल्युमिनियमचा होता, पण ती तसंच म्हणायची. गौस माझ्याकडं बघत होता. मी खिडकीतला दुसरा नग उचलला आणि तिच्या हातात दिला.

तिनं दोन्ही हातांत धरला. बोटं नावावरून गेली. मग कडेवर आली. तिथं शोधत राहिली. इकडून गेली, तिकडून आली.

"ये नहीं," म्हणाली. "इसकू टूट नहीं है."

आणि पाहुण्यानं कपबशी परत द्यावी तसा माझ्या हातात परत दिला.

गौसनं तिला रिक्षात बसवलं. आत आला. "अण्णा, असली किधर है?"

"वितळला. त्याच वर्षी. माझ्या हातानं."

"चौदा साल?"

"चौदा साल."

त्यानं लेथ चालू केलं. त्या आवाजात पुढं काही बोलता येत नव्हतं. पुढच्या थंडीत अम्मी गेली.

त्या दिवसापासून मी त्या बाकावर बसलो नाही. मला कुणी उठवलं नव्हतं. नियम माझाच होता. चहा आला की उभ्यानं प्यायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, गुडघे धरलेत का?" मी म्हणायचो, "हो."

* * *

चीर असलेला नग एकच होता. तात्यांना दिलेला, पहिला.

पाचोडला गेलो तर तात्या वारलेले. मुलगा म्हणाला, "गाडी भंगारात गेली, काका. कधीचीच." भंगारवाला म्हणाला, इंजिन काढून विकलं. कुणाला, ते आठवत नव्हतं. कुठं जुनं अमेरिकन इंजिन आहे असं कळलं की मी एस.टी.नं जायचो. असं सहा वर्षं चाललं. घरचे म्हणायचे, म्हाताऱ्याला फिरायचा नाद लागला.

शेवटी पैठणच्या पुढं, धरणाच्या गोड्या पाण्याकाठी एका मळ्यात सापडलं. ट्रक नाही, नुसतं इंजिन. पत्र्याखाली बसवलेलं, उसाला पाणी उपसत होतं. मी वर हात घातला. काजळी पुसली. नाव होतं. कड पुसली.

होती.

मी पिशवीतून नवा एल्बो काढला. मळेवाला बघत राहिला.

"काका, नवा देता आन् जुना मागता? डोकं ठिकाणावर हाय ना?"

"पाणी थांबव. अर्धा तास लागेल."

"गळला तर?"

"माझा माल गळत नाही."

माझ्या हातानं बसवला, इंजिन चालू करून दिलं, पाणी पाटात पडेपर्यंत थांबलो. मग एस.टी. धरली.

गौसचं लेथ तोवर बंद झालं होतं. आईसारखंच त्यालाही कमी दिसायला लागलं होतं. रोज येऊन दुकानापुढं बाकावर बसायचा, एवढंच. मी फडक्यात बांधलेला एल्बो त्याच्या मांडीवर ठेवला.

"पहिला नग," म्हणालो.

त्यानं गाठ सोडली. अंगठा नावावरून गेला, कडेवर आला आणि थांबला.

मग बाकावर थोडा सरकला.

मी बसलो.