मोडलेले तुकडे

परळला आमच्या चाळीखाली टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक काका बसतात. जुन्या कॅसेटी पुन्हा ऐकायची हौस लागल्यापासून मी त्यांच्याकडे वरचेवर जातो. हातात कॅसेट पडली की ते तिच्या मागचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकतात, म्हणजे तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही. विचारत नाहीत.

काल माझ्या कॅसेटचे तुकडे मोडले म्हणून मी रागावलो. त्यांनी स्वतःची एक कॅसेट लावली. तिच्यात त्यांचे वडील गणपतीपुढे गाऱ्हाणं घालत होते. प्रत्येक मागण्याला घरचे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. 'माज्या झिलाक...', माझ्या मुलाला, एवढं आलं आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं.

"ह्यां गाणा मीच भरलंय. सोळा वर्षांचो होतंय," काका म्हणाले.

गाणं चालूच होतं. त्यांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."